मिनीचे दोन काटे आणि एक स्क्रू

डॉक्टरकाकांचा फोन आला तेव्हा ते वॉरिकच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभे होते. २०२३ चा जून महिना होता आणि ऊन इंग्लंडच्या मानाने चांगलंच कडक होतं. "अरे, गाडी तापून बंद पडली. तापमानाचा काटा पंधरा मिनिटं 'एच'ला, म्हणजे गरमच्या टोकाला, टेकून होता, मी वेग कमी केला, तेवढ्यात दोन आचके दिले आणि थांबली. आता स्टार्टच होत नाही," ते म्हणाले. काकूही सोबत होत्या. मी कव्हेंट्रीहून पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन, पाण्याच्या दोन बाटल्या आणि हत्यारांची पेटी घेऊन निघालो.

गाडी १९७४ सालची मिनी १०००, ९९८ सीसी इंजिनाची. काकांनी ती १९७९ मध्ये सेकंडहँड घेतली. मिरजेहून येऊन त्यांना तेव्हा पाचेक वर्षं झाली होती. दोन्ही मुलांना त्यांनी हीच गाडी चालवायला शिकवली. मिनी पहिल्यांदा लोकांसमोर आली ती २६ ऑगस्ट १९५९ ला. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं ठेवून एवढ्याशा गाडीत चार माणसांची जागा काढली. बर्मिंगहॅमजवळच्या ज्या लाँगब्रिज कारखान्याशी मिनीचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्याची जागा काकांच्या सॉलिहलच्या घरापासून फार लांब नाही. चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना इथे २०१८ पासून एमओटी ही वार्षिक तपासणी सक्तीची नाही. म्हणजे अशी गाडी धडधाकट ठेवायची जबाबदारी संपूर्णपणे मालकाची, आणि काका ती फार मनापासून पाळतात.

मी पोचून बॉनेट उघडलं. वाफ नव्हती, कूलंटचा तो गोडसर वास नव्हता, रेडिएटरच्या आजूबाजूला ओल नव्हती. तापून बंद पडलेल्या इंजिनाजवळ उभं राहिलं की एक कोंडलेली धग अंगावर येते, तीही नव्हती. स्टार्टर व्यवस्थित फिरत होता, ठिणगी येत होती. कार्ब्युरेटरकडे येणारा पाइप सोडवून बघितला तर तो कोरडा. कॅनमधलं पेट्रोल ओतलं, थोडा वेळ स्टार्टर मारला आणि इंजिन लागलं.

म्हणजे गाडी तापून नाही, पेट्रोल संपल्यामुळे थांबली होती. कॅन ओतण्याआधी मी किल्ली फिरवून पेट्रोलचा काटा बघितला होता. तो रिकाम्याच्या रेषेपासून स्पष्ट वर होता. टाकी पार सुकलेली असताना.

त्या दिवशी मला एवढंच वाटलं की टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा भाग, अडकला असेल, आणि तापमानाचं प्रकरण वेगळं असेल. दोन दुखणी, दोन कारणं. गाडी घरी पोचवली आणि पुढच्या शनिवारी यायचं ठरवलं. मधल्या आठवड्यात मनात घोळत राहिलं ते एकच, की दोन्ही काटे चुकले होते आणि दोन्ही वरच्याच बाजूला चुकले होते.

आधी काय काय झालं होतं

शनिवारी चहा घेताना मी काकांना सगळा इतिहास सुरुवातीपासून सांगायला लावला. ते स्वतः आयुष्यभर रुग्णांकडून असाच इतिहास काढून घेत आले, त्यामुळे त्यांनी तो तारखांसकट सांगितला.

२०२१ च्या शरद ऋतूत गाडीचं बॉडीचं मोठं काम झालं. खालचे पत्रे गंजले होते. एका वर्कशॉपने गाडी पूर्ण मोकळी केली, पत्रे कापून नवे जोडले, आतून-बाहेरून रंग दिला आणि पुन्हा जुळवली. रंगाचं काम अप्रतिम आहे, आजही आरशासारखं दिसतं. हिवाळाभर गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून काका नोव्हेंबर ते मार्च ती बाहेर काढत नाहीत. २०२२ च्या एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि दहा-पंधरा मिनिटांत तापमानाचा काटा 'एच'कडे गेला.

पुढचे उपाय जुन्या गाडीच्या बाबतीत सगळीकडे होतात तेच आणि त्याच क्रमाने झाले. इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारा थर्मोस्टॅट बदलला. फरक पडला नाही. रेडिएटर काढून धुतला, नवं झाकण बसवलं. फरक नाही. मग इंजिनाच्या हेडमध्ये बसणारा तापमानाचा सेंडर, म्हणजे काट्याला तापमान कळवणारा भाग, बदलला, आणि काटा मध्याच्या जरा वर येऊन थांबला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. २०२२ चा उन्हाळा तसाच गेला. २०२३ च्या मे महिन्यात बाथ शहराला जाताना एम ५ महामार्गावर काटा पुन्हा वर चढला, कधी खाली यायचा, कधी वर. तोवर खर्च दीडशे पौंडांच्या पुढे गेला होता.

"आणि पेट्रोलचा काटा?" मी विचारलं.

"तो? त्याच्याकडे कोण बघतंय. मी दर शंभर मैलांना टाकी भरतो, सवयच आहे. त्या दिवशी तेवढं राहिलं."

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची नोंद तीच होती. रात्री हेडलाइट आणि वायपर चालू असताना सिग्नलला थांबलं की तापमानाचा काटा थोडा उतरतो आणि गाडी पळवली की पुन्हा चढतो. गॅरेजवाल्यांनी त्याचा अर्थ लावला होता की जोरात चालवल्यावर इंजिन तापतं. अर्थ तर्काला धरून होता. पण मी विचारलं, पेट्रोलचा काटाही तसाच हलतो का? काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हलतो. आता तू विचारलंस म्हणून आठवलं."

इंजिन पळवलं की पेट्रोल वाढत नाही.

काटा आत चालतो कसा

मिनी १००० च्या डॅशबोर्डवर मध्यभागी एक लंबगोल पॅनेल असतं. मोठ्या स्पीडोमीटरच्या पोटात पेट्रोलचा काटा, आणि दोन बाजूंना तापमान आणि ऑइल प्रेशर. यातलं ऑइल प्रेशरचं मीटर यांत्रिक आहे. इंजिनातून बारीक नळीने तेलाचा दाब थेट मीटरपर्यंत येतो आणि काटा फिरवतो. विजेचा संबंध नाही. काकांचं ऑइल प्रेशर या दोन वर्षांत कधीही वेडंवाकडं दाखवत नव्हतं. म्हणजे विजेवर चालणारे दोन काटे बिघडले होते आणि विजेविना चालणारा एक शाबूत होता.

पेट्रोल आणि तापमानाचे काटे द्विधातूच्या पट्टीवर चालतात. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटवलेली पट्टी, तिच्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. गुंडाळीतून करंट गेला की ती तापते, पट्टी वाकते आणि काटा ढकलला जातो. करंट किती जाईल हे दुसऱ्या टोकाचा सेंडर ठरवतो. टाकीतल्या सेंडरमध्ये फ्लोटची दांडी एका रोधावर सरकते. टाकी रिकामी असताना रोध २४० ओहमच्या जवळपास, भरलेली असताना वीस-तीस. तापमानाच्या सेंडरमध्ये असा पदार्थ असतो की तो तापला की त्याचा रोध उतरतो. दोन्हीकडे रोध कमी तर करंट जास्त आणि काटा वर.

अडचण अशी की गाडीतला व्होल्टेज कधी स्थिर नसतो. इंजिन बंद असताना साडेबारा, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जोरात फिरत असताना चौदाच्या घरात. काट्याची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून तो थेट बॅटरीवर लावला तर पेट्रोल तेवढंच असताना गाडीचा वेग बदलला की वेगळं दाखवेल. यावर त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये उपाय होता तो एका छोट्या पत्र्याच्या डबीचा, म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझरचा. आपल्याकडे घरोघरी फ्रीजच्या मागे असायचा, त्याचंच हे काड्यापेटीपेक्षा लहान भावंड. त्याच्या आतही एक द्विधातूची पट्टी आणि तिच्यावर गुंडाळी असते. करंट मिळाला की पट्टी तापून वाकते आणि संपर्क तोडते. थंड झाली की पुन्हा जोडते. असं सतत तुटत-जुळत सरासरी १० व्होल्ट बाहेर पडतात. काटे तापायला आणि थंड व्हायला वेळ घेतात, त्यामुळे ही टकटक त्यांना जाणवत नाही, ते सरासरीवरच स्थिर राहतात. मला ही रचना फार आवडते. तीन संथ पट्ट्या, एकही इलेक्ट्रॉनिक भाग नाही, आणि पन्नास वर्षांनंतरही काम देते.

आता मुद्दा हा की स्टॅबिलायझरची गुंडाळी तापायची तर तिच्यातून करंट वाहिला पाहिजे, आणि तो वाहायला तिला अर्थ (अर्थिंग) हवा, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायची वाट. तो अर्थ वेगळ्या वायरने येत नाही. डबी ज्या स्क्रूने गाडीच्या पत्र्यावर बसते, तो स्क्रू आणि डबीचा पत्रा हाच तिचा अर्थ. अर्थ तुटला तर गुंडाळी तापत नाही, पट्टी वाकत नाही, संपर्क कायम जोडलेला राहतो आणि बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज दोन्ही काट्यांना जातो. दोन्ही काटे वर, आणि अल्टरनेटरबरोबर खालीवर. काकांनी सांगितलेलं सगळं याच्यात बसत होतं. तरीही हा अजून माझा अंदाज होता, मोजलेलं काहीच नव्हतं.

इंजिन खरंच तापतंय का

आधी हा प्रश्न निकालात काढायचा होता. काटा खोटा आहे असं गृहीत धरून इंजिन जाळून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मिनीचं हेड लोखंडी असलं तरी एकदा चांगलं तापलं की गॅस्केट जातं आणि काम हजारात जातं. म्हणून स्वतंत्र मोजमापाशिवाय काट्याला खोटं ठरवायचं नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या झाकणाचं तापमान घेतलं. इथे एक काळजी घ्यावी लागते. झाकण अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आणि उघड्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर हे थर्मामीटर खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवतं, कारण चकचकीत धातू उष्णता कमी बाहेर टाकतो. मी झाकणावर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवला आणि त्याच्यावर नेम धरला. गाडी वीस मिनिटं फिरवून आणल्यावर आकडा ८४ अंश आला. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडणारा. वरचा होज गरम, खालचा त्यापेक्षा थंड, म्हणजे रेडिएटर आपलं काम करतोय. हीटरमधून गरम हवा येत होती. त्याच क्षणी डॅशबोर्डवरचा काटा 'एच'च्या अलीकडे थरथरत उभा होता.

काकांनी तिथे उभं राहून तो आकडा बघितला आणि म्हणाले, "म्हणजे ताप नाहीच. थर्मामीटरच आजारी आहे." पुढे त्यांनी वॉर्डमधली गोष्ट सांगितली. एकाच दिवशी दोन-तीन रुग्णांचे रिपोर्ट एकाच बाजूला विचित्र यायला लागले की ते रुग्णांकडे नाही, लॅबच्या यंत्राकडे बघायला सांगायचे. मला माझ्या संपूर्ण तर्काचं इतकं नेमकं वर्णन जमलं नसतं.

मोजमाप

बॅटरीपासून सुरुवात केली. इंजिन बंद, १२.४ व्होल्ट, चालू करून रेव्ह वाढवला, १३.९. हेडलाइट, वायपर आणि हीटरचा पंखा लावून आयडलवर, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात मंद वेगावर, आणलं तर १२.६. अल्टरनेटर ठीक होता.

मग पॅनेल सैल करून मागच्या वायरी उघड्या केल्या. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांचे वायरचे रंग एकदा कळले की काम सोपं होतं. साधी हिरवी वायर म्हणजे फ्यूजमधून आलेला, किल्लीवर चालणारा प्रवाह. फिकट हिरवीवर हिरवी रेघ म्हणजे स्टॅबिलायझरनंतरचा. हिरवीवर काळी रेघ पेट्रोलच्या सेंडरकडे, हिरवीवर निळी तापमानाच्या सेंडरकडे, आणि काळी म्हणजे अर्थ. पन्नास वर्षांत रंग उडतात, म्हणून ओल्या फडक्याने वायर पुसून उजेडात बघावी. मी एकदा काळी रेघ आणि निळी रेघ यांत गल्लत केलेली आहे.

हिरव्या वायरवर १३.८ आले, म्हणजे येणारा प्रवाह चोख. तसंही वायपर आणि इंडिकेटर याच फ्यूजवर आहेत आणि ते नीट चालत होते, त्यामुळे फ्यूजवर माझा संशय नव्हता. मग स्टॅबिलायझरमधून बाहेर पडणाऱ्या फिकट हिरव्या वायरवर मीटर लावला. १३.८. एक मिनिट बघत बसलो, आकडा हलला नाही. स्टॅबिलायझर निरोगी असता तर डिजिटल मीटरवरचा आकडा शून्य आणि चौदाच्या मध्ये उड्या मारत राहिला असता. डिजिटल मीटरने ही सरासरी नीट वाचता येत नाही, म्हणून मी जोडीला एक छोटा बारा व्होल्टचा बल्ब लावतो. निरोगी स्टॅबिलायझरवर तो लुकलुकतो. इथे तो एकसारखा जळत होता.

किल्ली बंद करून डबीचा पत्रा आणि गाडीचा पत्रा यांमधला रोध मोजला. मीटरने काहीच दाखवलं नाही, सर्किट पूर्ण उघडं. अर्थ नव्हताच.

शेवटची खात्री म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर घेतली, तिचं टोक डबीला टेकवलं आणि किल्ली फिरवली. काही सेकंद बल्ब तसाच जळत राहिला, मग विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. पॅनेलवर पेट्रोलचा काटा हळूहळू खाली यायला लागला. टाकीत मी ओतलेल्यातलं चारेक लिटर उरलं असेल. काटा अर्ध्याच्या अलीकडून उतरत पावच्याही खाली येऊन थांबला. काका शेजारच्या सीटवर बसून बघत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा तो काटा खरं सांगत होता.

कारण डबी काढल्यावर कळलं. रंगकाम करताना त्या जागेचा पत्राही आतून छान जाड रंगवला होता. जुळवणी करणाऱ्याने नव्या रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून भोकात प्लास्टिकचं बूच बसवून त्यात स्क्रू पिळला होता आणि डबीखाली प्लास्टिकचा वॉशर घातला होता. काम करणाऱ्याला तो फक्त डबी धरून ठेवणारा स्क्रू वाटला. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्या स्क्रूकडे बघून तो वायरीचं काम करतोय हे कुणालाही दिसत नाही. मात्र रंगकाम झालेली कुठलीही जुनी गाडी हातात आली की मी आता आधी अर्थच्या जागा शोधतो. रंग हा उत्तम इन्सुलेटर आहे आणि रंगारी माणूस धातूचा एक मिलिमीटरही उघडा ठेवत नाही.

आकडेमोड

हे किती चुकत होतं ते मी कागदावर मांडलं, कारण काकांना ते आकड्यांत हवं होतं. पेट्रोलच्या काट्याच्या गुंडाळीचा रोध ६५ ओहमच्या आसपास भरला. रिकाम्या टाकीचा सेंडर २४०, म्हणजे एकूण ३०५. दहा व्होल्टला करंट ३३ मिलिअँपिअर, १३.९ व्होल्टला ४६. गाडी चालू असताना रिकामी टाकी काट्याला रिकामी वाटूच शकत नव्हती. पाव टाकीला सेंडर सुमारे १२५ ओहम दाखवतो, १३.९ व्होल्टला तेव्हा ७३ मिलिअँपिअर जातात, आणि दहा व्होल्टला एवढा करंट यायला सेंडर सत्तरच्या जवळ असावा लागतो, म्हणजे साधारण अर्धी टाकी. म्हणजे पाव टाकीला काटा अर्धी दाखवत होता. उष्णतेच्या हिशोबात तर १३.९ आणि १० यांचा फरक जवळपास दुपटीचा आहे, १.९३ पट. तापमानाचा काटा निरोगी इंजिनावर 'एच'ला जायला तेवढं पुरेसं आहे.

मग सेंडर बदलल्यावर वर्षभर तो मध्यावर कसा राहिला? हा प्रश्न मला टोचत होता, आणि उत्तर लगेच समोर आलं.

दुसरी चूक, पहिलीच्या पोटात

डबीला नीट अर्थ दिला, पॅनेल बसवलं, गाडी फिरवून आणली. पेट्रोलचा काटा चोख. तापमानाचा काटा मात्र आता 'सी'च्या, म्हणजे थंडच्या टोकाच्या, जेमतेम वर, मधूनच एक उडी आणि पुन्हा खाली. थर्मामीटर सांगतोय ८३. आधी जास्त दाखवत होता, आता कमी.

तापमानाच्या सेंडरला एकच वायर असते. त्याचा अर्थ त्याच्या पितळी अंगातून, आट्यांमधून थेट इंजिनाच्या हेडला मिळतो. सेंडरच्या अंगापासून इंजिनापर्यंतचा रोध शून्याच्या जवळ हवा. मी मोजला तर चाळीस ते सत्तर ओहम, आणि सेंडरला हात लावला की आकडा बदलायचा. आटे बघितले तर त्यांच्यावर पांढरी प्लंबरची टेफ्लॉन टेप चार-पाच वेढे गुंडाळलेली. गळती होऊ नये म्हणून, चांगल्या हेतूनेच. नळाला ती उत्तम. पण जिथे आटेच वायरीचं काम करतात तिथे ती मधला प्रवाह अडवते.

म्हणजे झालं असं. स्टॅबिलायझर व्होल्टेज जास्त देत होता म्हणून काटा वर जात होता. टेपमुळे रोध वाढला म्हणून तो खाली येत होता. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं आणि काटा मध्यावर, अगदी विश्वासार्ह जागी येऊन बसला. सगळ्यांना सेंडर बदलल्यानेच बरं झालं असं वाटलं. पुढे इंजिनाच्या धगीने आणि थरथरीने टेप काही ठिकाणी दबली, पितळ मधूनमधून लोखंडाला लागायला लागलं, आणि एम ५ वर काटा पुन्हा वर गेला. संपूर्ण प्रकरणात मला सगळ्यात जास्त हादरवलं ते या वर्षभराच्या खोट्या शांततेने. त्या वर्षात इंजिन खरोखर तापलं असतं तरी काट्याने ते कसं दाखवलं असतं हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सेंडर काढला, टेप आणि तिचे कण पितळी ब्रशने साफ केले, हेडमधले आटेही पुसले आणि काही न गुंडाळता तो पुन्हा बसवला. कूलंटची पातळी भरून घेतली. गळती नाही. अंग ते इंजिन रोध ०.२ ओहम. पुढच्या फेरीत काटा सावकाश चढला आणि मध्याच्या किंचित खाली स्थिरावला. हेडलाइट लावले, वायपर लावले, आयडलवर ठेवलं, रेव्ह वाढवला. हलला नाही.

स्टॅबिलायझर बदलायचा का

काकांनी हे विचारलं आणि प्रश्न रास्त आहे. आज त्याच आकाराच्या डबीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर मिळतात. आत बहुधा ७८१० जातीचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. काही जण स्वतःही जोडतात. त्याचा दहा व्होल्ट अगदी सपाट असतो, संपर्क जळत नाहीत. पण त्या रेग्युलेटरला आत येणारा व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा सुमारे दोनने जास्त लागतो, म्हणजे बॅटरी दमलेली असली की तो काठावर येतो. शिवाय काकांची मूळ डबी अर्थ मिळताच नीट टकटक करायला लागली होती. चालणारा भाग काढून टाकणं मला पटत नाही. तो ठेवला. फक्त अर्थसाठी स्क्रूवर अवलंबून राहिलो नाही: डबीच्या स्क्रूखाली रिंगचं टर्मिनल घालून काळी वायर काढली आणि ती पॅनेलच्या मुख्य अर्थला जोडली. त्या जोडाखालचा रंग घासून धातू उघडा केला आणि वर व्हॅसलीन लावलं. डबी उलटी बसवू नये, तिच्यावर 'टॉप' लिहिलेलं असतं ती बाजू वरच हवी, कारण आतली पट्टी उभी असतानाच नीट काम करते.

पुण्या-मुंबईत जुन्या ब्रिटिश गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी एक खूण सांगतो. किल्ली फिरवल्यावर काटा टचकन उडी मारून जागेवर जात असेल तर तो जुन्या, चुंबकी पद्धतीचा आहे. त्याच्या मागे स्टॅबिलायझर शोधत बसू नका, तिथे सेंडर आणि अर्थच बघा. काटा आळसावल्यासारखा काही सेकंद घेत चढत असेल तर तो द्विधातूचा आणि त्याच्या मागे कुठेतरी डबी असणारच. आणि अशा काट्याची चाचणी म्हणून त्याची वायर अर्थला लावून सोडून देऊ नका. काटा वर जायला लागला की लगेच काढा. पूर्ण व्होल्टेजवर ती बारीक गुंडाळी जळते, आणि तिची दुरुस्ती कुठेही सहज होत नाही. टाकीतल्या सेंडरला हात लावायचा तर आधी बॅटरी सोडवा, आणि त्याची कडी फिरवायला लोखंडी पंच न वापरता पितळेचा वापरा. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही पेट्रोलचा काटा तपासला. टाकी पंचवीस लिटरची. काकांनी गाडी जवळजवळ रिकामी होईपर्यंत चालवली, डिकीत भरलेला कॅन ठेवून. मग सपाट जागेवर उभी करून पाच-पाच लिटर ओतत गेलो. दर वेळी पाच मिनिटं थांबून काका आपल्या प्रिस्क्रिप्शनच्या अक्षरात काट्याची जागा लिहीत होते. मधली अर्धी रेषा साडेबारावर न येता तेरा-चौदावर येते, आणि भरलेल्या टाकीला काटा रेषेच्या एका जाडीने मागे राहतो. ते कार्ड त्यांनी ग्लव्हबॉक्सच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. काकूंनी त्यावर खाली आपल्या हाताने तारीख घातली, ऑगस्टमध्ये बाथला परत जायची.